बियाण्याचे आयुष्य आणि कोठारातील हवा

माळव्यात सोयाबीनची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि पेरणी जूनच्या उत्तरार्धात. मधले आठ महिने बियाणे पोत्यात नुसते पडून असते, असा आपला समज असतो. वस्तुतः ते जिवंत असते. मंदपणे का होईना, श्वसन करते आणि त्यासाठी अंकुराकरिता राखलेली शिदोरी खर्च करीत असते. हा खर्च किती वेगाने व्हावा, हे हवेतील दमटपणा व उष्णता ही दोघे ठरवितात.

बी दमट हवेतून ओलावा शोषते आणि कोरड्या हवेला तो परत देते. म्हणूनच एकाच जातीचे बियाणे इंदूरच्या कोठारात जितके टिकते, तितके गोव्याच्या किनारी हवेत टिकत नाही. हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बियाण्यातील ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर तो एका टक्क्याने उतरताच बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते. तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले तरीही दुप्पट. म्हणजे १४ टक्क्यांचे बियाणे १० टक्क्यांवर आणले, तर आयुष्य सोळापट! शेतकऱ्याला थंडी विकत घेणे परवडत नाही. ऊन मात्र फुकट आहे.

गहू त्या मानाने सोशिक. सोयाबीनचे तसे नाही. त्याचे टरफल पातळ आणि कोंबाचे मूळ टरफलाच्या अगदी लगत. पोते उंचावरून आदळले की इजा तेथेच होते. उगवणशक्तीचे सरकारी प्रमाणही गव्हाला किमान ८५ टक्के, सोयाबीनला अवघे ७०. कायद्यानेच त्याचा नाजूकपणा मान्य केला म्हणावयाचा.

हवाबंद डब्यावर कित्येकांचा फार भरवसा असतो. तो बियाणे पुरते कोरडे असेल तरच सार्थ. साध्या पोत्यात सोयाबीनला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. हवाबंद साठवणीत ७ टक्क्यांहून अधिक नको. ओलसर बी डब्यात कोंडले, तर तो ओलावा बाहेर पडावयास वाटच उरत नाही आणि बी पोत्यातल्यापेक्षा लवकर मरते.

सर्वांत घातक काळ शेवटचा. मे महिन्याच्या उकाड्याने थकलेल्या बियाण्यास वळवाची दमट हवा लागते, आणि पाऊस लांबून पेरणी खोळंबली की प्रत्येक आठवडा महाग पडतो. म्हणून पेरणीपूर्वी पोत्याच्या निरनिराळ्या थरांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत, गोणपाट ओलसर राखावे आणि आठवड्याने धडधाकट कोंब मोजावेत. सत्तर असल्यास नेहमीप्रमाणे पेरावे. साठ भरल्यास बियाणे त्या मानाने वाढवावे. त्याहून फार कमी असल्यास वेळीच दुसरे बियाणे मिळवावे.