फराळाचा डबा इटलीच्या कस्टममध्ये अडकला? ड्युटी किती, हे इटालियनमध्ये असं विचारा

दिवाळी जवळ आली की पुणे-नाशिकहून परदेशात फराळाची पार्सलं निघतात. मिलान, तोरिनोत शिकणाऱ्या मुलांपर्यंत ती पोहोचण्याआधी मध्ये एक नाका लागतो, ‘दोगाना’. म्हणजेच इटलीचं कस्टम. तिथे किंवा टपाल कार्यालयात इंग्रजी चालेलच असं नाही. अशा वेळी चार वाक्यं पाठ असली, तर पैसे आणि फेऱ्या दोन्ही वाचतात.

आधी शब्द ओळखा

• दात्सियो : सीमाशुल्क (अनेकवचन दात्सी)
• ईवा : इटलीचा व्हॅट, सर्वसाधारण दर 22 टक्के
• झ्दोगानामेन्तो : कस्टममधून माल सोडवणं
• जाचेन्त्सा : ट्रॅकिंगवर हा शब्द दिसला, तर पार्सल ताब्यात ठेवलेलं आहे

काय विचारायचं?

• क्वान्तो देवो पगारे दि दात्सी दोगानाली? (सीमाशुल्क किती भरायचं?)
• लीवा ए इन्क्लूझा? (व्हॅट त्यात धरलाय का?)
• क्वान्तो कोस्ता लो झ्दोगानामेन्तो? (माल सोडवण्याचा खर्च किती?)
• ए उन रेगालो. (ही भेटवस्तू आहे.)
• मि प्वो दारे ला रिचेवूता? (पावती मिळेल का?)

तिसरा प्रश्न विसरू नका. कर सरकारला जातो. पण कागदपत्रं हाताळण्याचं शुल्क टपाल किंवा कुरिअर कंपनी वेगळं लावते. छोट्या पार्सलवर कधीकधी तेच करापेक्षा जास्त भरतं.

नेमके पैसे किती?

घरच्यांनी पाठवलेली, पैसे न घेता दिलेली भेट 45 युरोंपर्यंतची असेल, तर शुल्क नाही आणि व्हॅटही नाही. विकत मागवलेल्या वस्तूंवर मात्र 1 जुलै 2021 पासून पहिल्या युरोपासून व्हॅट लागतो. 150 युरोंपर्यंत सीमाशुल्क माफ असायचं. ती सवलतही काढून टाकण्याचं युरोपीय संघाने ठरवलं आहे. त्यामुळे मागवण्याआधी ताजा नियम पाहा.

उदाहरण घ्या. 200 युरोंचे कपडे, 20 युरो पाठवणावळ, सीमाशुल्क समजा 12 टक्के. 220 वर शुल्क झालं 26.40 युरो. व्हॅट लागतो तो या दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे 246.40 वर. तो झाला 54.21. एकूण 80.61 युरो. शुल्कावरही व्हॅट लागतो, इथेच अनेकांचा हिशेब चुकतो.

डब्यात काय नको?

तूप, पेढे, खव्याची मिठाई. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ खासगी पार्सलने पाठवता येत नाहीत. इथे शुल्क भरून सुटका नाही; ते जप्त होऊन नष्ट केले जातात. फॉर्मवर नुसतं ‘फूड’ लिहू नका. प्रत्येक पदार्थ, वजन आणि खरी किंमत लिहा. किंमत कमी दाखवली तर पार्सल अडकतं ते तिथेच.

शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वतःचे कपडे, अभ्यासाचं साहित्य आणि खोलीतल्या रोजच्या वस्तूंना नियमात वेगळी सूट आहे. तेव्हा म्हणायचं, ‘एफेत्ती पेर्सोनाली’, म्हणजे वैयक्तिक सामान. सोबत प्रवेशाचं पत्र ठेवा.

हे शब्द परके नाहीत

‘दोगाना’ आणि आपला ‘दिवाण’ यांचं मूळ एकच, फारसी-अरबी ‘दीवान’. ‘पगारे’ म्हणजे पैसे देणं. आपला ‘पगार’ पोर्तुगीजमधून आला, पण घराणं तेच. आणि जकात नाके फक्त आपल्याकडेच नव्हते. इटलीतही एकेकाळी शहराच्या वेशीवर दात्सियो वसूल व्हायचा. मिलानच्या पोर्ता वेनेत्सियापाशी त्या नाक्यांच्या इमारती आजही उभ्या आहेत.

जाता जाता

‘पार्सल अडकलंय, दोन युरो भरा’ असा एसएमएस आला, तर त्यातली लिंक उघडू नका. ट्रॅकिंग क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर स्वतः टाका. पैसे भरायचे असतील, तर ते तिथे दिसतील.