गेम अडखळतो, तेव्हा दोष नेहमी ग्राफिक्स कार्डाचा नसतो

फ्रेम रेट म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या. सेकंदाला 60 चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. हे काम दोघांचे आहे. दृश्यात काय, कुठे आहे हे प्रोसेसर ठरवतो आणि ग्राफिक्स कार्ड ते रंगवते. घरात एकजण पोळ्या लाटतो, दुसरा भाजतो, तसेच हे. लाटणाराच मागे पडला, तर तवा कितीही मोठा आणा, पोळ्या तेवढ्याच होणार.

2020 साली आलेला ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ हे याचे ठळक उदाहरण. गजबजलेल्या विमानतळावर उतरताना प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) मोठा भार येतो. टास्क मॅनेजरमध्ये मात्र प्रोसेसर 30 टक्केच वापरात दिसतो आणि तो मोकळा आहे असे वाटते. हा समज स्वाभाविक आहे, पण तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो.

खात्री करायची असेल, तर फ्रेमवर घातलेली मर्यादा काढा आणि रिझोल्यूशन (चित्रातील ठिपक्यांची संख्या) उतरवून पाहा. फ्रेम वाढल्या, तर कार्ड कमी पडत होते. फरक पडलाच नाही, तर अडचण बहुधा प्रोसेसरकडे आहे. मग दूरच्या भूभागाचा तपशील आणि विमानतळावरची वर्दळ कमी करा. लॅपटॉप असेल, तर चार्जर लावूनच खेळा. नव्या कार्डावर पैसे घालण्याआधी ही बिनखर्चाची चाचणी जरूर करा.