गढीवाड्यांतील गुप्त स्थळें व जुनीं दप्तरें

जुन्या वाड्यांतील तळघरें, भुयारें व चोरकप्पे यांविषयीं लोकांत ज्या कथा चालतात, त्यांत बहुधा धनाचाच विचार असतो. संशोधकाला हवा असलेला ठेवा कागदाचा आहे. आणि कागद जेथें टिकतो तीं स्थळें धन पुरण्याच्या स्थळांहून निराळीं असतात. तीं कशीं ओळखावीं, याचें थोडें विवेचन करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

घरांत गुप्त जागा ठेवण्याची कल्पना आपल्याकडे फार प्राचीन आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या निशांतप्रणिधि या प्रकरणांत राजगृहासाठीं ‘गूढभित्तिसंचार’, म्हणजे भिंतीच्या पोटांतील वाट, आणि ‘भूमिगृह’ या दोहोंचाही निर्देश केला आहे. खानदेशांत या गोष्टींस निकडीचें कारणही होतें. १८०२ सालीं होळकरांच्या फौजेनें हा प्रांत लुटला, १८०३-०४ त दुष्काळ पडला, आणि १८१८ त इंग्रजी अंमल बसेपर्यंत पेंढाऱ्यांचा उपद्रव चालू होता. अशा काळीं ब्राह्मणपुरी, शहादें, तळोदें या टापूंत वतनदारांनीं गढीवजा घरें बांधून राहावें, हें साहजिकच होय. तळोद्याची बारगळांची गढी सर्वश्रुत आहे. मल्हारराव होळकर आपले मामा भोजराज बारगळ यांच्या आश्रयानें वाढले व मामांचीच कन्या गौतमाबाई त्यांची पत्नी झाली.

आतां स्थळें पाहूं. पहिलें स्थळ भिंत. जाड भिंतीच्या पोटांतून काढलेला अरुंद जिना, त्याखालची पोकळी, आणि फडताळाच्या पाठीमागची सरकती फळी, हीं प्रथम तपासावीं. दरवाजाचा अडसर भिंतींत सरकवून ठेवण्यासाठीं जें भोक असतें, तें जवळजवळ दरवाजाच्या रुंदीइतकें खोल असावें लागतें. अडसर नाहींसा झाला म्हणजे ही कोरडी, लांब पोकळी कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. दुसरें स्थळ माळा. तेथें उंदरांचें व गळतीचें भय असलें, तरी चुलीच्या धुरामुळें कीड कमी लागते. तिसरें तळघर व चौथें धान्याचें पेंव. या दोन्हीं ठिकाणीं ओल असल्यानें कागद क्वचितच टिकतो. शिवाय पेंव तोंडाशीं अरुंद व खालीं रुंद असून त्यांत कोंडलेली हवा प्राणघातक असते. तें पुष्कळ वेळ उघडें ठेवून आंत दिवा सोडावा, व तो विझल्यास कोणीही उतरूं नये. दिवा जळत राहिला म्हणजे हवा निर्दोषच आहे, असेंही समजूं नये.

भुयाराविषयीं एक शब्द. बहुतेक गढीचें भुयार नदीपर्यंत गेलें आहे असें सांगतात. परंतु तापीखोऱ्यांतील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. बांधीव कमानीवांचून तींत लांब भुयार टिकणें कठीण. ज्यास भुयार म्हणतात, तें पुष्कळदां तळघराचें तोंड, विहिरीची वाट किंवा सांडपाण्याची मोरी असते.

खरी परीक्षा मापानें होते. समजा, वाड्याची एक बाजू बाहेरून ४२ हात आहे. आंतल्या तीन खोल्या १२, १० व ११, मिळून ३३ हात. आणि चार भिंती दीड-दीड हाताच्या, म्हणजे ६ हात. बेरीज ३९ झाली. उरलेले ३ हात कोठें गेले, याचें उत्तर मिळेपर्यंत शोध पुरा झाला नाहीं असें समजावें. कुदळीपूर्वीं दोरी हातीं घ्यावी, ती यासाठीं.

मात्र गुप्त स्थळांच्या नादांत उघडीं स्थळें विसरूं नयेत. नाना फडणीस १३ मार्च १८०० रोजीं वारले. त्यांचे कागद वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यांत राहिले, म्हणूनच ‘मेणवली दप्तर’ हें नांव पडलें. पारसनीसांच्या संग्रहाबरोबर त्यांतील कागद १९३९ त पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आले. राजवाड्यांचा १८९८ चा पहिला खंडही वाईस मिळालेल्या कागदांवर उभा आहे. कागद भिंतींत दडलेला असो वा माळ्यावर उघडा पडलेला, त्याची किंमत ओळखणारा भेटला तरच तो वांचतो.

दप्तर सांपडल्यास रुमाल तत्काळ सोडूं नये. प्रथम जागेचा आराखडा काढावा, रुमालांचा क्रम टिपावा, व घरधन्याच्या समक्ष यादी करून ती त्याच्यापाशींही ठेवावी. जमिनींत पुरलेलें द्रव्य निघाल्यास १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें कलेक्टरास कळविणें प्राप्त आहे. ऐतिहासिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय महत्त्वाचें पंचाहत्तर वर्षांहून जुनें हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तु कायद्याखालीं येतें, हेंही ध्यानांत असावें. यादीची एक प्रत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे धाडावी.

हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. आज वाडे पाडले जातात ते त्यांतील सागवानासाठीं व जागेसाठीं. लाकूड मोजून घेतलें जातें, कागद रद्दींत जातो. पुढें एखादा सुटा कागद हातीं आला, तरी तो कोणत्या घराचा, कोणत्या खणांतला, कोणत्या रुमालांतला, हें सांगणारी भिंत तोंवर उरलेली नसते.