इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि जुनी मोटार

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक प्रकल्प २००१ साली देशात तीन ठिकाणी हाती घेण्यात आला. त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातील होत. २०१४ च्या सुमारास दीड टक्क्याच्या आसपास असलेले हे मिश्रण जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. ऊस, मळी, मका व तुकडा तांदूळ यांपासून तयार होणाऱ्या या इंधनामुळे खनिज तेलाच्या आयातीस आळा बसतो आणि साखर कारखान्यांना उत्पन्नाचे आणखी एक साधन मिळते.

तथापि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जुन्या मोटारींच्या अनेक मालकांनी तक्रारी मांडल्या. दर लिटरमागे पडणारे अंतर घटले, इंजिन अडखळू लागले, रबरी नळ्या झिरपू लागल्या, असे त्यांचे म्हणणे होते. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. यास्तव या तक्रारींमागील शास्त्रीय कारणे समजून घेणे अगत्याचे ठरते.

अंतर का घटते?

एक लिटर इथेनॉल जळाल्यावर मिळणारी उष्णता एक लिटर पेट्रोलच्या उष्णतेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. साहजिकच वीस टक्के मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी वाहनांच्या बाबतीत हीच घट अंदाजिली होती. लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी मोटार चौदाच्या आसपास आली, तर ते नवल नव्हे. परंतु ती दहावर आली, तर दोष अन्यत्र शोधावयास हवा. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलहून अधिक असतो. त्याचा लाभ मात्र त्यासाठी जुळविलेल्या नव्या इंजिनांनाच पुरतेपणी मिळतो.

यंत्रणेवर होणारे परिणाम

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो. म्हणून त्याच्या ज्वलनास बाहेरील हवा कमी लागते. ऑक्सिजन संवेदक असलेल्या मोटारी हा फरक ओळखून इंधनाचे प्रमाण ठरावीक मर्यादेत आपोआप वाढवितात. कार्ब्युरेटरच्या जुन्या वाहनांना ही सोय नाही. तेथे मिश्रण विरळ होऊन इंजिन अडखळण्याचा वा अधिक तापण्याचा संभव असतो.

दुसरा परिणाम रबरावर होतो. जुन्या प्रतीचे रबर इथेनॉलच्या सान्निध्यात फुगते, नरम पडते व कालांतराने त्यास भेगा जातात. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग व गास्केट लवकर बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले. एप्रिल २०२३ पासून वीस टक्के मिश्रणास टिकणाऱ्या साहित्याची वाहने बाजारात आली. त्यापूर्वीच्या वाहनांबाबत दक्षता आवश्यक आहे.

तिसरी बाब पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेते. हे पाणी मर्यादेपलीकडे गेले, की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. इंधन तळातूनच खेचले जात असल्याने इंजिन एकाएकी बंद पडते आणि धातूच्या भागांना गंज चढतो. पावसाळ्यात पंपाच्या भूमिगत टाकीत पाणी शिरणे म्हणूनच पूर्वीपेक्षा अधिक घातक ठरते. शिवाय जुन्या टाकीत साचलेला मळ इथेनॉलमुळे सुटतो व इंधनाच्या फिल्टरमध्ये अडकतो.

मालकांनी काय करावे?

प्रथम, वाहनाच्या माहितीपुस्तिकेत अथवा टाकीच्या झाकणाजवळ कोणत्या मिश्रणाची शिफारस आहे, ते पाहावे. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे अंतर व लागलेले पेट्रोल वहीत टिपावे. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये. चाकांतील हवा, हवेचा फिल्टर व स्पार्क प्लग यांची तपासणी आधी करावी, कारण अंतर घटण्याची ही कारणे इथेनॉलपेक्षा जुनी आहेत. इंधनाच्या नळ्या ठरावीक काळाने तपासाव्यात. पेट्रोलचा वास येत असल्यास वाहन चालवू नये, कारण गळतीतून आग लागण्याचे भय असते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या वाहनात जुने पेट्रोल साठवून ठेवू नये. पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप व लहान जनित्रे यांनाही हाच नियम लागू पडतो.

पंपावर फिल्टर कागदाची चाचणी, घनतेची तपासणी आणि पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजणी करून मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे. इंधनात पाणी असल्याचा संशय आल्यास पावती जपून ठेवून तेल कंपनीकडे, व माप कमी भरल्यास वैधमापन यंत्रणेकडे तक्रार नोंदवावी.

गावोगावी बहुसंख्य कुटुंबांकडे असते ते जुने वाहनच; नवे घेणे त्यांच्या आवाक्यात नसते. इथेनॉलचा लाभ ज्या शेतकऱ्यास होतो, त्याच्याच अंगणात अशी जुनी दुचाकी वा मोटार उभी असते. शाळांतील विज्ञानशिक्षकांनी व ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी ही माहिती ग्रामसभेत समजावून दिली, तर निराधार भीती आणि निष्काळजीपणा हे दोन्ही टळतील व खऱ्या तक्रारींची दाद योग्य ठिकाणी लागू शकेल.