प्रतिकृतीचा बॉयलर : छंदाच्या यंत्रशाळेतील काही अडचणी

खेळण्यातील आगगाडी किल्लीने किंवा विजेने चालते. तिच्या इंजिनात पाणी उकळत नाही. खऱ्या कोळशावर तापणारे, खऱ्या वाफेवर धावणारे आणि मागे माणसांना ओढणारे लहान इंजिन स्वतःच्या हातांनी घडविणे हा मात्र अगदी निराळा उद्योग आहे. इंग्लंडात त्याला छंदाचे रूप येऊन शतकाहून अधिक काळ लोटला. पुढे ‘मॉडेल इंजिनिअर’ या नावाने प्रसिद्धीस आलेले नियतकालिक पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली लंडन येथे सुरू केले, आणि त्याच वर्षी तेथे हौशी यंत्रकारांची संस्थाही स्थापन झाली. घरामागच्या छपरीत एक लहानसा लेथ, एक शेगडा आणि काही कानशी एवढ्या सामग्रीवर हा छंद चालत आला आहे. केवळ अडीच इंच रुळांतराचे इंजिन कोळशावर चालून पूर्ण वाढीच्या माणसाला ओढू शकेल काय, याविषयी १९२० नंतरच्या काही वर्षांत तेथे मोठा वाद झाला. ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका कारागिराने तसे इंजिन प्रत्यक्ष चालवून दाखविले, तेव्हा तो मिटला.

वाद होण्यास कारणही तसेच होते. साडेतीन इंच रुळांतराचे इंजिन एका फुटास पाऊण इंच, म्हणजे मूळ इंजिनाच्या सोळाव्या हिश्श्याच्या मापाने बांधतात. लांबी सोळाव्या हिश्श्यावर आली की पृष्ठभाग २५६ व्या हिश्श्यावर आणि घनफळ ४०९६ व्या हिश्श्यावर येते. साहजिकच सिलिंडरमधील वाफेच्या मानाने तिला थंड करणाऱ्या भिंती सोळापट होतात. थंड सिलिंडरात शिरलेल्या पहिल्या वाफेचे बहुतेक पाणीच होते, आणि पाणी दाबले जात नसल्याने दट्ट्या त्यावर आदळून झाकण फुटण्याचा संभव असतो. म्हणून सिलिंडरच्या बुडाशी निचऱ्याच्या तोट्या ठेवून प्रारंभी त्या उघड्या ठेवाव्या लागतात. वाफेचे तापमान, धातूची ताकद आणि पाण्याचा स्वभाव या गोष्टी मात्र नकाशाच्या मापाबरोबर लहान होत नाहीत. हौशी कारागिराच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

पहिली अडचण लेथवर येते. सळईचा तुकडा कापून वेगळा करताना हत्यार थरथरू लागते, कापावर लाटा उमटतात, आणि अखेर हत्यार अडकून मोडते. नवखा मनुष्य अशा वेळी हत्यारालाच दोष देतो. वस्तुतः लहान लेथ हलका असल्याने त्यात लवचिकपणा अधिक असतो. हत्यार पकडीबाहेर दुप्पट लांब काढले तर तेवढ्याच जोराने ते आठपट वाकते. तेव्हा हत्यार शक्य तितके आत घ्यावे, कापण्याची जागा चकच्या जवळ ठेवावी, फिरण्याचा वेग कमी करावा आणि हत्यार न थांबता पुढे सारीत राहावे. हत्याराचे टोक सळईच्या मध्याच्या उंचीवर आहे की नाही हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. टोक आणि गोल सळई यांच्यामध्ये पोलादाची पातळ मोजपट्टी हलकेच दाबून धरावी. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर आहे. तिचे वरचे टोक कारागिराकडे झुकले तर हत्यार खाली आहे, पलीकडे झुकले तर वर आहे.

दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या स्क्रूचे आटे पाडताना टॅप मोडणे हा दुसरा नित्याचा प्रसंग. भोक किंचित मोठे पाडावे. आट्यांची खोली पूर्ण खोलीच्या तीनपंचमांश असली तरी जोड पुरेसा बळकट होतो आणि टॅपवरील ताण पुष्कळ घटतो. एवढे करूनही पितळेच्या किंवा काशाच्या भागात पोलादी टॅप मोडून राहिलाच, तर तो भाग तुरटीच्या दाट, उष्ण द्रावणात ठेवावा. पोलाद हळूहळू विरघळते, पितळ बहुतांशी शाबूत राहते. काम काही तासांचे, कधी काही दिवसांचेही असते. घाई करणाऱ्याला ही युक्ती साधत नाही.

परंतु लेथवर बिघडलेला तुकडा पुन्हा करता येतो. बॉयलरची गोष्ट वेगळी आहे. चालकाचे तोंड त्यापासून हातभर अंतरावर असते, आणि मागच्या गाडीवर बहुधा मुले बसलेली असतात. आतील पाणी दर चौरस इंचास ८० पौंड दाबाखाली सुमारे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. बॉयलर अकस्मात फुटला तर त्यातील सुमारे दहावा भाग पाणी क्षणार्धात वाफ होते आणि मूळ आकारमानाच्या सोळाशेपटींहून अधिक जागा व्यापू पाहते.

म्हणूनच सांधे कशाने जोडले आहेत याला फार महत्त्व आहे. कथील व शिसे यांचा साधा डाख १८३ अंशांना वितळू लागतो. १६२ आणि १८३ यांत अंतर थोडे. शिवाय वितळण्याच्या कितीतरी आधी डाख आपली ताकद गमावतो. यासाठी बॉयलरचे सांधे चांदीमिश्रित झाळाने जोडतात. ५५ टक्के चांदी असलेला झाळ ६३० ते ६६० अंशांच्या दरम्यान वितळतो, आणि तांबे १०८० अंशांच्याही पुढे. दोहोंत पुरेसे अंतर आहे. पूर्वी कॅडमियमयुक्त झाळ सर्रास वापरीत, कारण तो कमी उष्णतेत चांगला वाहतो. त्याचा धूर मात्र विषारी असतो. युरोपीय संघाने २०११ साली असे झाळ सामान्य वापरातून काढून टाकले. जुन्या साठ्यातील कांड्या अद्याप कोठे हाती आल्या तर त्या न वापरणेच बरे.

पत्र्याची जाडी हिशेबाने ठरते. चार इंच व्यासाच्या नळकांड्यात ८० पौंड दाब असेल, आणि तांब्याची तुटण्याची मर्यादा दर चौरस इंचास २५,००० पौंड धरून तिचा केवळ आठवा भाग वापरायचा असेल, तर सुमारे ०.०५ इंच जाडी पुरते. अनुभवी कारागीर याहून बराच जाड पत्रा घेतात, कारण झाळताना तांबे पूर्ण मऊ होते. हा हिशेब गोल भागापुरताच खरा आहे. अग्निपेटीच्या सपाट भिंती दाबाने फुगू पाहतात. त्यांना जागोजाग आधारदांड्यांनी बाहेरच्या पत्र्याशी बांधावे लागते.

या पत्र्यांच्या कडा लाकडी किंवा धातूच्या साच्यावर ठोकून वळवितात. ठोकताना तांबे कठीण होत जाते व शेवटी चिरते. ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविले की पुन्हा मऊ होते. पोलाद असे बुडविल्यास कडक होते, म्हणून नवख्याला याचे आश्चर्य वाटते; पुण्याच्या तांबट आळीतील कारागिराला वाटणार नाही, कारण भांडे तापवून मऊ करणे आणि पुन्हा मठारणे हे त्याचे रोजचे काम आहे.

झाळताना खरी पंचाईत होते ती उष्णतेची. तांबे उष्णता इतक्या झपाट्याने दूर नेते की, सांध्यावर ज्योत धरूनही सांधा तापत नाही. झाळाची कांडी ज्योतीत वितळते, तिचे थेंब थंड तांब्यावर गोळा होऊन बसतात आणि वरून सांधा भरल्यासारखा दिसतो. आत काहीच गेलेले नसते. यावर उपाय एकच : सबंध बॉयलर उष्णतारोधक विटांनी वेढून मोठ्या ज्योतीने सर्व बाजूंनी तापवावा, आणि कांडी ज्योतीने नव्हे तर तांब्याच्या उष्णतेने वितळू द्यावी. तशी ती वितळली की झाळ केशाकर्षणाने फटीत आपोआप ओढला जातो. त्यासाठी फट सुमारे ०.०५ ते ०.१२ मिलिमीटर असावी. भाग एकमेकांत घट्ट ठोकून बसविणाऱ्या चोखंदळ कारागिराचे सांधेच अनेकदा गळतात, कारण झाळाला शिरायला वाट राहत नाही. अशा वेळी कडेवर टोच्याने चारसहा खुणा मारून थोडी जागा करून घेतात.

झाळलेला बॉयलर सौम्य गंधकाम्लात स्वच्छ करतात. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. आणि बॉयलर निवल्यावरच आत सोडावा.

त्यानंतर परीक्षा. सर्व तोंडे बंद करून बॉयलर पाण्याने काठोकाठ भरतात, हवेचा बुडबुडाही राहू देत नाहीत, आणि हातपंपाने चालू दाबाच्या दुप्पट दाब देतात. पाणी दाबाने जवळजवळ आकसत नाही; त्यामुळे सांधा सुटला तरी पाण्याची एक धार उडून दाब तत्काळ नाहीसा होतो. दाबलेल्या हवेने हीच परीक्षा घेणे म्हणजे हातबॉम्ब घडविण्यासारखे आहे. काटा स्थिर राहतो काय, सपाट भिंत फुगते काय, हे शांतपणे पाहावे. ब्रिटनमधील हौशी मंडळांत ही परीक्षा मंडळाने नेमलेला परीक्षक घेतो, ठराविक काळाने तपासणी पुन्हा होते, आणि प्रमाणपत्राविना इंजिन मंडळाच्या रुळांवर येऊ देत नाहीत.

परीक्षा उतरलेला बॉयलरही पाणी कमी पडले तर धोक्यात येतो. अग्निपेटीच्या छतावर जेमतेम बोटभर पाणी असते. ते गेले की छत उघडे पडून तापते. पाण्याची पातळी दाखविते ती काचेची नळी, आणि नेमकी तीच लहान इंजिनात खोटे बोलते. झाळाला फटीत ओढणारे केशाकर्षण येथेही काम करीत असते. तीन मिलिमीटर छिद्राच्या स्वच्छ नळीत पाणी खऱ्या पातळीच्या आठ-दहा मिलिमीटर वर चढून राहते. मोठ्या इंजिनाच्या रुंद नळीत हा फरक लक्षातही येत नाही. त्यातच एखादा बुडबुडा नळीत अडकला म्हणजे खाली पाणी संपत आले तरी नळी अर्धी भरलेली दिसते. यास्तव नळी शक्य तितक्या रुंद छिद्राची घेतात, तिची भोके मोकळी ठेवतात, आणि नळीचा दिसणारा तळ छताच्या बराच वर येईल अशा रीतीने ती बसवितात. शिवाय चालक वारंवार नळीखालची तोटी उघडून ती रिकामी करतो. तोटी बंद करताच पाणी झपकन पूर्वीच्या जागी परत आले तर वाटा मोकळ्या आहेत. ते रेंगाळत आले, किंवा आलेच नाही, तर गाडी थांबवून विस्तव काढून टाकावा, आणि मागे बसलेल्या मुलांना उतरवून दूर उभे करावे.