घरात न निघणारा विषय चालताना का निघतो?

बारावीला मार्क कमी पडले. सौदीतली नोकरी सुटली, पण घरी अजून सांगितलेलं नाही. मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेलं छोटं कर्ज वाढत वाढत डोईजड झालं. मुलीला पुण्यात शिकायचंय आणि अब्बूंना कसं विचारावं कळत नाही. आपल्या बहुतेक घरांत असा एखादा विषय महिनोन् महिने पडून असतो. दस्तरखानावर सगळे एकत्र बसतात, सगळ्यांना थोडंफार माहीतही असतं, पण तोंड कुणी उघडत नाही. आणि उघडलंच तर पाच मिनिटांत आवाज चढतो.

अशा वेळी काय बोलावं याचे सल्ले खूप मिळतात. कुठे बोलावं, हे फारसं कुणी सांगत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की हा विषय घराबाहेर, उघड्यावर, शक्यतो चालता चालता काढून पाहा. त्यामागे काही कारणं आहेत.

आधी मनाबद्दल. 1984 साली रॉजर उलरिक या संशोधकाने ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटा पण गाजलेला अभ्यास छापला. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातील एका दवाखान्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. रुग्ण होते फक्त 46, त्यामुळे यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण नुसत्या खिडकीतून एवढा फरक, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

2015 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही लोकांना दीड तास चालायला पाठवलं. अर्ध्यांना झाडागवताच्या भागात, अर्ध्यांना गाड्यांच्या गर्दीच्या रस्त्यावर. परत आल्यावर झाडांमधून चाललेल्यांनी सांगितलं की तेच ते वाईट विचार डोक्यात फिरणं कमी झालं, आणि उदासीशी संबंध असलेल्या मेंदूच्या एका भागातली हालचालही मंदावलेली दिसली. रस्त्यावरून चाललेल्यांत तसं झालं नाही. म्हणजे नुसतं चालणं पुरेसं नव्हतं, चालण्याची जागाही महत्त्वाची ठरली. मुंब्रा किंवा भिवंडीच्या मेन रोडवर हॉर्न ऐकत चालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको!

किती वेळ लागतो? इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या माहितीवरून 2019 मध्ये निघालेला आकडा आठवड्याला 120 मिनिटांचा आहे. तेवढा वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. एकदम दोन तास की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. अर्थात, जे आधीच धडधाकट आहेत तेच जास्त बाहेर पडतात, हेही यात असू शकतं. पण रोज फजरनंतर वीस मिनिटं काढली तरी आठवड्याची 140 होतात, आणि यात खर्च काहीच नाही. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते, हा फायदा वेगळाच.

आता बोलण्याबद्दल. समोरासमोर बसलं की चौकशी सुरू असल्यासारखं वाटतं. अब्बू खुर्चीवर, मुलगा समोर मान खाली घालून. आता तो खरं सांगेल की सुटका करून घ्यायला काहीतरी बोलेल? शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही. मध्येच गप्प बसलं तरी ते खटकत नाही, कारण चालणं सुरूच असतं. घरात तीच शांतता अंगावर येते. शिवाय दोघं बरोबर चालायला लागले की पावलं आपोआप जुळतात. 2017 साली क्रिस्टीन वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये हीच मांडणी केली की एकत्र चालण्याने भांडण मिटायला मदत होऊ शकते. ती मांडणी आहे, पक्का पुरावा नव्हे. पण अनुभवाला पटते.

आमच्या मते आपल्याकडे आणखी एक मोठं कारण आहे, आणि ते कुठल्या अभ्यासात सापडणार नाही. एका खोलीत सहा माणसं राहतात. पातळ भिंतीपलीकडे काकाचं कुटुंब. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर दादी ऐकते, मुलं ऐकतात, शेजारच्या आपा ऐकतात. ऐकणारे असले की माणूस माघार घेत नाही, कारण इज्जतीचा प्रश्न होतो. रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर, कोल्हापुरात रंकाळ्याला किंवा औरंगाबादच्या हिमायत बागेच्या बाजूला माणसं असतात, पण तुमचं ऐकत बसणारं कुणी नसतं.

वाटणीचंच घ्या. बहिणीचा हिस्सा किती, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. अडचण हिशोबाची नसते, ती विषय काढण्याची असते. भाऊ गप्प, बहीण माहेर तुटेल म्हणून गप्प, आणि एक दिवस हक्कसोडपत्र सहीसाठी समोर येतं. भावाबहिणीने आधी दोघांनीच एक फेरी मारून बोललं तर निदान तिला खरंच सोडायचंय की लाजेने सोडतेय, हे कळेल. सातबारा, आकडे, सह्या हे मात्र घरी बसून, सगळ्यांसमोर, कागदावर. चालता चालता ‘ठरलं’ म्हणू नका.

‘मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय’ अशी घोषणा करून नेऊ नका, माणूस दारातच घट्ट होतो. ‘चल, असरनंतर जरा चक्कर मारू’ पुरे. पहिली दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोला, मोबाइल खिशात ठेवा. अम्मीचे गुडघे दुखत असतील तर बाकावर शेजारी बसा, चालण्याचा हट्ट नको. मे महिन्यात मराठवाडा-विदर्भात सकाळी आठच्या आत उरका. कोकणात पावसाळ्यात पडवी आहेच.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टोचते. पुरुषांना नाका आहे, मस्जिदीबाहेरचा ओटा आहे, चहाची टपरी आहे. घरातल्या बायकामुलींना काय आहे? बाजार आणि दवाखाना सोडून त्या शेवटच्या कधी नुसत्याच बाहेर गेल्या होत्या? मुलगी चिडचिड करते, सून बोलत नाही, अशी तक्रार करण्याआधी हा हिशोब करावा. बाग लांब असेल तर मगरीबनंतर बिल्डिंगची गच्ची उघडी ठेवा. किल्ली सेक्रेटरीकडे पडून असते.

मात्र चालणं हे औषध नाही. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप उडालेली, जगू नये असे विचार येत असतील तर डॉक्टरला दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो. आणि जिथे मारहाणीची भीती आहे, तिथे एकांतात फिरायला जाऊन विषय काढू नका. महिलांसाठी 181 आहे, आणि सोबत भरवशाचं तिसरं माणूस हवंच.