रत्नागिरीला जायचं ठरलं, पण मुक्काम कुठे करायचा?



दिवाळी झाली, भातं झोडून झाली की गटांच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. यंदा मावळ-मुळशीकडच्या बऱ्याच गटांनी रत्नागिरी-गणपतीपुळ्याचं नाव घेतलंय. गाडी कुठली, डब्यात काय न्यायचं, कोण कोणाशेजारी बसणार, हे सगळं तुम्ही पटापट ठरवता. पण राहायचं कुठे असं विचारलं की बैठक एकदम गप्प होते. मग कोणीतरी म्हणतं, "मॅडम, ते तुम्हीच बघा आकुर्डीहून."

मी फोन करून खोल्या बघू शकते, त्यात काही अवघड नाही. पण मला वाटतं, हे तुम्हीच ठरवावं. जरा आठवून बघा, आजवर आपण घराबाहेर रात्र कुठे कुठे काढली? माहेरी, नणंदेकडे लग्नाला, दवाखान्यात पेशंटच्या खाटेखाली, वारीत शाळेच्या व्हरांड्यात. यातली एकही जागा आपण निवडलेली नव्हती. जी मिळाली तिथे पथारी टाकली. स्वतःचे पैसे मोजून, चार प्रश्न विचारून जागा पसंत करायची वेळ अनेकींवर पहिल्यांदाच येतेय. कर्ज कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या बायका आपण, खोली ठरवायला का घाबरायचं?

आधी गाव समजून घ्या. रत्नागिरी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला चढ-उताराचा सडा यांत वसलेली आहे. मागे सह्याद्री उभा. आपल्याकडून जायचं तर ताम्हिणी उतरून माणगाववरून महामार्गाला लागा, नाहीतर कराडवरून कुंभार्ली घाट, किंवा कोल्हापूरवरून आंबा घाट. घाट चुकत नाही. गाव इतकं आडबाजूला होतं म्हणूनच इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला 1886 साली इथे आणून ठेवलं. राजा तब्बल 30 वर्षं इथे होता. आधी बंगल्यांत राहिला, थिबा पॅलेस बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. सावरकरांनाही 1924 ते 1937 याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं होतं. ज्याला नजरेआड करायचं त्याला पाठवायचं गाव, अशी त्या वेळची ही जागा. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि ते आडबाजूपण बरंच गेलं. तरी रेल्वे स्टेशन शहरापासून सहा-एक किलोमीटर लांब, वरच्या अंगाला आहे. "स्टेशनजवळ खोली" असं कोणी सांगितलं तर समुद्र तिथून जवळ नाही, हे लक्षात ठेवा.

अशा गावात किलोमीटर विचारून भागत नाही. चढ किती, पायऱ्या किती आणि संध्याकाळी परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे विचारायचं. थिबा पॅलेस टेकाडावर, मांडवीचा किनारा खाली, रत्नदुर्ग किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर. नकाशात बोटभर अंतर दिसतं, पण आपल्या मावशींच्या गुडघ्यांना विचारा! म्हणून गटात जिचे पाय सगळ्यात जास्त दुखतात, तिला डोळ्यांसमोर ठेवून जागा निवडा. ती जिथे आरामात राहील, तिथे सगळ्या राहतील.

आता जागा. मुक्कामाला साधारण तीन बाजू आहेत, आणि तुम्ही कशासाठी जाताय त्यावर निवड ठरते.

रत्नागिरी शहरात राहिलात तर बाजार, दवाखाना, एसटी स्टँड सगळं हाताशी. टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, थिबा पॅलेस, मांडवी, भाट्ये हे सगळं एका दिवसात रिक्षाने होतं. (पतितपावन मंदिर चुकवू नका. 1931 मध्ये सगळ्या जातींच्या लोकांसाठी उघडलेलं हे देऊळ आहे.) कोणाला शुगर-बीपी असेल, किंवा लहान बाळ बरोबर असेल, तर मी शहरालाच मत देईन. पण खिडकीतून समुद्र दिसेल अशी आशा धरू नका.

पावस दक्षिणेला, भाट्याची खाडी ओलांडून. स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर तिथे आहे. शांत जागा. ज्यांना भजन-नामस्मरण करायचंय त्यांच्यासाठी छान, तरुण मुलींना मात्र संध्याकाळी करमणार नाही.

आणि गणपतीपुळे. बहुतेक गटांना तिथेच जायचं असतं. शहरापासून आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण 25 किलोमीटर. तुमची गाडी चिपळूणकडून येणार असेल तर रत्नागिरीत शिरायची गरजच नाही, हातखंब्याच्या आधी निवळी फाट्याला वळलं की थेट पुळ्याला. रात्रभर बसलेल्या बायकांचा तेवढाच त्रास वाचतो. देवळामागची टेकडी हाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा पूर्ण टेकडीला घालायची असते, साधारण किलोमीटरभर. पहाटे उठून ती घालायची असेल तर मुक्काम पुळ्यातच हवा. अंगारकी, नाताळ आणि मे महिना मात्र टाळा. गर्दीही असते आणि भावही चढलेले असतात.

पुळ्यात राहण्याचे प्रकार तीन. देवस्थानचं भक्तनिवास, पर्यटन महामंडळाचं पर्यटक निवास आणि घरगुती खोल्या.

भक्तनिवास स्वस्त आणि निर्धास्त. पण एक गोष्ट बैठकीत कोणी मोठ्याने बोलत नाही, ती मी इथे लिहिते. वीस बायका चालल्या म्हणजे एक-दोघींची पाळी मध्येच येणार. मग ती बिचारी मनाशी कुढत बसते, "मी इथे राहू का नको, कोणी काही म्हणेल का?" काही जणी त्यासाठी गोळ्या घेतात, तेही डॉक्टरला न विचारता. गोळ्या घेऊ नका. तिथे काय पद्धत आहे ते फोनवर आधीच सरळ विचारा, आणि मन मानत नसेल तर अख्ख्या गटाने घरगुती खोल्या घ्या. एकीला वेगळं ठेवून बाकीच्यांनी मजा करायची, ही काय सहल झाली?

महामंडळाचं निवास समुद्राला लागून आहे. भाव जास्त वाटतो, पण राज्य सरकारच्या 2023 च्या "आई" या महिला पर्यटन धोरणात बायकांना ऑनलाइन बुकिंगवर 1 ते 8 मार्च आणि वर्षातले आणखी काही ठरलेले दिवस 50 टक्के सूट ठेवली आहे. आठ मार्चच्या सुमारास जाणाऱ्या गटांनी चौकशी जरूर करावी. बुकिंग बाईच्या नावाने करा.

घरगुती खोल्या मला स्वतःला जास्त आवडतात. घरची बाई चुलीपाशी असते, उकडीचे मोदक, आंबोळी, सोलकढी मिळते. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे, त्यात नोंदलेल्या घरांकडे प्रमाणपत्र असतं, ते विचारा. आणि जाल तेव्हा त्या बाईशी बोला. किती खोल्या, चादरी कोण धुतं, पावसाळ्यात काय करता, सगळं विचारा. "आई" धोरणात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या महिलांसाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावाही आहे. आपल्या पवना धरणाच्या काठी शनिवार-रविवारी तंबू लागतात. तिथे भाकऱ्या थापायला आपल्या गटातल्या बायका जातात, पण तंबू बायकांच्या नावावर किती? हा विषय पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

भावाचा हिशोब नीट समजून घ्या, कारण इथे फसायला होतं. कोणी खोलीवर सांगतं, कोणी माणशी. आता मी आकडे टाकते ते फक्त हिशोब कळण्यापुरते. समजा तीन जणींची खोली 2,400 ला आणि जादा गादीचे 400. चौघी राहिल्या तर 2,800, म्हणजे माणशी 700. दुसरीकडे माणशी 900, पण चहा, नाश्ता आणि दोन जेवणं धरून. पहिली स्वस्त वाटते ना? आता तिच्यात नाश्त्याचे 60 आणि दोन जेवणांचे 300 मिळवा. झाले 1,060. वीस जणींमागे 3,200 रुपयांचा फरक, तोही एका दिवसात. म्हणून "खोली केवढ्याला" असं विचारू नका. "एका बाईला चोवीस तासांचा सगळा खर्च किती" असं विचारा.

चोवीस तास म्हटलं, तर ते कधी सुरू होतात तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी खोली दुपारी बाराला ताब्यात देतात. तुमची रात्रीची बस पहाटे पाचला पोचली तर सात तास वीस बायका संडास-आंघोळीला कुठे जाणार? फोनवरच ठरवून घ्या की सकाळी निदान दोन खोल्या उघडून द्याल का. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, समुद्र दिसतो की नाही हा नव्हे. त्याच फोनमध्ये आणखी विचारा: संडास खोलीत की बाहेर, एक तरी कमोड आहे का, खोल्या तळमजल्यावर आहेत का, दाराला आतून कडी आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत. उत्तर देताना समोरचा माणूस वैतागला तर समजून घ्या की तिथे राहिल्यावरही वैतागणारच.

प्रवासाचं थोडक्यात. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत. पिंपरीच्या वल्लभनगर आगारातून कोकणात गाड्या जातात. पूर्ण बस ठरवली तर तिचा हिशोब किलोमीटरवर होतो. तेव्हा दोन्ही खर्च मांडून बघा. कधी कधी साध्या गाडीची तिकिटं काढणं परवडतं.

आता समुद्राबद्दल, कारण किनाऱ्यावर मुक्काम म्हणजे पहाटे-संध्याकाळ पाण्याशी गाठ. आपण धरणाकाठच्या, पाण्याला न भिणाऱ्या बायका. पण धरणाचं पाणी जागचं हलत नाही, समुद्राचं पाणी मागे ओढतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल ज्या वेळी चाललं ते आज चालेल असं नाही. पुनव-अवसेला उधाण मोठं असतं. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आहे, दोन पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीला येतं, आणि तिथे माणसं बुडाली आहेत. ओली साडी पायात गुंडाळते ते वेगळंच. घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही, जीवरक्षकाची शिट्टी वाजली की बाहेर, आणि अंधारात किनाऱ्यावर कोणीही एकटीने जायचं नाही, हे बैठकीत ठरवूनच निघा. राहण्याच्या जागी भरतीची वेळ विचारली की लगेच सांगतात.

पैशाचं शेवटी. सहलीचा पैसा गटाच्या बचतीतून किंवा कर्जाच्या फिरत्या पैशातून काढायचा नाही. वेगळी वर्गणी, वेगळी वही, आणि जागा कोणती व का निवडली याचा ठराव इतिवृत्तात. आगाऊ रक्कम पाठवण्याआधी नंबर पक्का करा. देवस्थानच्या आणि महामंडळाच्या नावाने खोट्या बुकिंगच्या साइट बनवून लोकांना लुबाडलं जातं. इंटरनेटवर पहिला दिसला तो नंबर धरू नका. पूर्ण रक्कम आधी देऊ नका, खात्यावर नाव कोणाचं दिसतंय ते वाचा, पावती मागा. फसवणूक झालीच तर त्याच तासात 1930 वर फोन करा, लाजून गप्प बसू नका.

आणि हो, खासगी गाडी केली असेल तर ड्रायव्हरदादांच्या झोपायची आणि जेवायची सोय त्याच फोनमध्ये विचारून घ्या. रात्रभर गाडीतच डास मारत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याला घाट चढवून आणणार आहे.